ज्यूलियस रोझेनवाल्ड

जगांत धन मिळविणारे पुष्कळ होऊन गेले, आणि मिळविलेलें धन सत्कार्याला देणारेहि कांहीं थोडे झाले नाहींत. परंतु दान कसें करावें, याचा विचार मिळकतीइतक्याच काळजीनें करणारे पुरुष विरळा. कोणी आपल्या नांवाची शिळा भिंतींत बसावी म्हणून देतो, कोणी याचकाची कटकट चुकावी म्हणून देतो. आणि घेणारा मात्र पूर्वीं होता तितकाच परावलंबी राहतो. ज्यांच्या दानानें घेणाऱ्यांचे हात अधिक बळकट झाले, आणि ज्यांनीं दिलेल्या दर डॉलरमागें इतरांचे पांच डॉलर खेड्यांतील शाळांसाठीं उभे राहिले, अशा एका अमेरिकन व्यापाऱ्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ज्यूलियस रोझेनवाल्ड यांचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इलिनॉय संस्थानांत, स्प्रिंगफील्ड या गांवीं, १२ ऑगस्ट १८६२ रोजीं झाला. त्यांचे आईबाप जर्मनींतून आलेले ज्यू होते. वडील सॅम्युअल हे प्रथम फेरीवाल्याचा धंदा करीत. पुढें त्यांनीं कपड्यांचें दुकान थाटलें. ज्या वस्तींत अब्राहम लिंकन अध्यक्ष होण्यापूर्वीं राहत होते, त्याच वस्तींत ज्यूलियस यांचें बालपण गेलें. गुलामगिरीच्या प्रश्नावरून त्या वेळीं देशांत यादवी युद्ध पेटलें होतें. लिंकन यांच्या गांवीं जन्मलेल्या या मुलाच्या हातून पुढें गुलामांच्या नातवंडांची सेवा घडावी, हा एक विलक्षण योगायोगच म्हटला पाहिजे.

ज्यूलियस यांचें शालेय शिक्षण पुरें झालें नाहीं. हायस्कुलांतील दोन वर्षें संपतांच, १८७९ सालीं, त्यांना न्यूयॉर्क शहरीं मामांकडे कपड्यांचा व्यापार शिकण्यासाठीं पाठविण्यांत आलें. पुढें ते शिकागोस येऊन पुरुषांचे तयार कपडे विकूं लागले. १८९० सालीं ऑगस्टा नुसबाउम या युवतीशीं त्यांचा विवाह झाला. १८९५ सालीं त्यांनीं व त्यांच्या मेहुण्यांनीं मिळून सीअर्स, रोबक आणि कंपनी या पेढींत भागी घेतली. ही पेढी मालाची सचित्र यादी शेतकऱ्यांच्या घरोघर पाठवून टपालानें आलेली मागणी पुरी करीत असे. रिचर्ड सीअर्स जाहिरात करण्यांत निष्णात होते. परंतु मागविलेला माल वेळेवर, बिनचूक व यादींत वर्णिल्याप्रमाणें पोंचविण्याची शिस्त रोझेनवाल्ड यांनीं लावली. थोड्याच वर्षांत ही पेढी देशांतील अग्रगण्य व्यापारी संस्था झाली. १९०८ सालीं सीअर्स निवृत्त झाले व पेढीचें अध्यक्षपद रोझेनवाल्ड यांच्याकडे आलें. त्यांची संपत्ति आतां कोट्यवधि डॉलरांत मोजली जाऊं लागली.

धन वाढलें, तसें त्याचें काय करावें हा विचारहि वाढला. शिकागोचे ज्यू धर्मोपदेशक एमिल हर्श यांच्या प्रवचनांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता. रशियांत ज्यू लोकांच्या कत्तली होत असल्याच्या वार्ता येत होत्या. तशांत १९०८ सालीं खुद्द स्प्रिंगफील्ड गांवांत कृष्णवर्णीयांच्या विरुद्ध भीषण दंगल होऊन घरें जाळण्यांत आलीं, माणसें मारण्यांत आलीं. आपल्या ज्ञातिबांधवांचा छळ परदेशीं होतो म्हणून हळहळावें, आणि आपल्याच गांवीं दुसऱ्यांचा तसाच छळ होत असतां स्वस्थ बसावें, हें त्यांना पटेना.

याच सुमारास त्यांनीं बुकर टी. वॉशिंग्टन यांचें आत्मचरित्र वाचलें. गुलाम म्हणून जन्मास आलेल्या या पुरुषानें १८८१ सालीं अलाबामा संस्थानांतील टस्कीगी येथें कृष्णवर्णीय तरुणांसाठीं संस्था स्थापून ती स्वकष्टानें नांवारूपास आणली होती. १९११ सालीं शिकागो येथें उभयतांची गांठ पडली. त्याच वर्षीं रोझेनवाल्ड टस्कीगीस जाऊन संस्था स्वतः पाहून आले, आणि पुढच्या वर्षीं ते तिचे विश्वस्त झाले.

त्या काळीं दक्षिणेकडील संस्थानांत कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाची काय दशा होती, हें येथें सांगितलें पाहिजे. कायद्यानें गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या ठेविल्या होत्या. कर सर्वांकडून घेतला जाई. परंतु त्याची वांटणी करणारे अधिकारी गोरे असल्यामुळें एका गोऱ्या मुलावर जो खर्च होई, त्याचा अल्पसा अंश कृष्णवर्णीय मुलाच्या वांट्यास येई. कित्येक खेड्यांत शाळेची इमारत म्हणून नव्हतीच. प्रार्थनामंदिरांत किंवा एखाद्या पडक्या खोपटांत वर्ग भरत. कापूस वेंचण्याचे दिवस आले कीं मुलें शेतावर जात, आणि शाळा वर्षांतून केवळ कांहीं महिनेच चाले.

१९१२ सालीं आपल्या पन्नासाव्या वाढदिवशीं रोझेनवाल्ड यांनीं अनेक संस्थांना मोठमोठ्या देणग्या दिल्या. त्यांत टस्कीगीस व तशाच इतर संस्थांना देण्यासाठीं २५,००० डॉलर होते. त्यांपैकीं थोडी रक्कम शिल्लक राहिली. तींतून खेड्यांत सहा लहान शाळा प्रयोगादाखल बांधाव्या, अशी सूचना वॉशिंग्टन यांनीं केली व रोझेनवाल्ड यांनीं ती मान्य केली. पहिली शाळा १९१३ सालीं अलाबामांतील लोचापोका या गांवीं उभी राहिली. तिला सुमारें ९४२ डॉलर खर्च आला. रोझेनवाल्ड यांचे त्यांत ३०० डॉलर होते. उरलेली रक्कम गांवांतील कृष्णवर्णीयांनीं पैशाच्या व अंगमेहनतीच्या रूपानें, आणि शेजारच्या गोऱ्यांनीं वर्गणीच्या रूपानें भरून काढली. १९१५ सालीं वॉशिंग्टन यांचें देहावसान झालें. परंतु त्यांनीं लावलेलें रोप तोंवर मूळ धरून बसलें होतें. १९१७ सालीं रोझेनवाल्ड निधि रीतसर स्थापन करण्यांत आला, आणि १९२० पासून इमारतींचा कारभार टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहरांतून चालूं लागला.

या अनुदानाच्या अटी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. निधि सगळा खर्च कधींच देत नसे. गांवकऱ्यांनीं आपला वांटा रोख, जमीन, लांकूड किंवा श्रम या रूपानें प्रथम उभा करावा; सरकारी शाळाखात्यानेंहि करांच्या उत्पन्नांतून आपला वांटा द्यावा; जागा व इमारत शाळाखात्याच्या नांवें करून द्यावी; शाळा वर्षांतून निदान पांच महिने तरी चालावी; आणि मग निधीनें ठरलेली रक्कम द्यावी, असा क्रम होता. यांतील मर्म असें कीं, इमारत एकदां सरकारी झाली म्हणजे शिक्षकांचा पगार व शाळेची निगा ही सरकारची जबाबदारी ठरे. जें काम अधिकाऱ्यांनीं वर्षानुवर्षें टाळलें होतें, तें त्यांच्या गळीं उतरविण्याची ही युक्ति होती.

परंतु ही युक्ति फळास आणली ती गांवोगांवच्या गरीब लोकांनीं. कोणी एक एकर कापूस शाळेच्या नांवानें राखून ठेवी व त्याचें उत्पन्न आणून देई. कोणी कोंबड्या व अंडीं विकी. स्त्रिया घरीं रांधलेल्या जेवणाचे डबे लिलावांत विकून पैसा जमवीत. ज्यांच्यापाशीं देण्यासारखें कांहींच नव्हतें, ते झाडें तोडीत, गाड्यांनीं लांकूड वाहून आणीत व सुतारांच्या हाताखालीं राबत. अलाबामांतील बोलिगी या गांवची हकीगत प्रसिद्ध आहे. तेथील सभेंत गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक वृद्ध पुढें आला व त्यानें एक मळकी पिशवी मेजावर रिती केली. नाणीं मोजलीं तों ३८ डॉलर भरले. ती त्याची सबंध आयुष्याची पुंजी होती. आपल्याला जें शिक्षण मिळालें नाहीं तें नातवंडांना मिळावें, एवढीच त्याची इच्छा होती.

शाळांचे नकाशेहि विचारपूर्वक आंखलेले असत. प्रारंभींचे नकाशे टस्कीगी येथें तयार झाले व पुढें नॅशव्हिल येथें ते अधिक सुधारण्यांत आले. खेड्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून मोठ्या खिडक्यांच्या रांगा ठेवून, पूर्वपश्चिमेचा उजेड वर्गांत भरपूर यावा अशी इमारतीची दिशा ठरवीत. हस्तव्यवसायासाठीं निराळी खोली असे. कित्येक शाळांत दोन वर्गांमधील पडदी सरकवितां येई, म्हणजे गांवची सभा भरविण्यास प्रशस्त दिवाणखाना तयार होई. केवळ भिंती उभारल्यानें शिक्षण होत नाहीं, हें ओळखून पुढें निधीनें शाळांना पुस्तकसंग्रहासाठीं, दूरच्या मुलांना मोटारगाडीनें आणण्यासाठीं व शाळेची मुदत वाढविण्यासाठींहि अशाच भागीच्या तत्त्वावर साहाय्य केलें.

१९३२ सालापर्यंत पंधरा संस्थानांत मिळून ५,३५७ इमारती पुऱ्या झाल्या. त्यांत ४,९७७ शाळा, २१७ शिक्षकांचीं घरें आणि १६३ कार्यशाळा होत्या, आणि साडेसहा लक्षांहून अधिक मुलांची सोय झाली. एकंदर खर्च सुमारें २ कोटि ८४ लक्ष डॉलर आला. पैकीं सुमारें १ कोटि ८१ लक्ष करांच्या उत्पन्नांतून आले. गोऱ्या वर्गणीदारांनीं १२ लक्ष दिले. निधीनें ४३ लक्ष ६४ हजार दिले. आणि कृष्णवर्णीय लोकांनीं स्वतः ४७ लक्ष २५ हजार दिले. वाचकांनीं हे शेवटचे दोन आंकडे पुन्हां एकदां पाहावे. एका कोट्यधीशाच्या निधीपेक्षां मजूर, कुळें व धुणेंभांडीं करणाऱ्या स्त्रिया यांची वर्गणी अधिक भरली! त्यांत त्यांच्या श्रमांचेंहि मोल आहे, हें खरें. पण श्रम हीच त्यांची मुख्य दौलत होती.

येथें एक आक्षेप उत्पन्न होतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हे लोक कर तर भरीतच होते. त्या करांतून त्यांच्या मुलांना शाळा मिळणें हा त्यांचा हक्क होता. असें असतां त्यांच्याकडून पुन्हां वर्गणी घेणें म्हणजे एकाच वस्तूची किंमत दोनदां वसूल करणें नव्हे काय? शिवाय वेगळ्या शाळांची पद्धति अन्यायाची असतां त्या पद्धतींतच राहून काम करणें म्हणजे अन्यायाला मान्यता देणें नव्हे काय? हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. रोझेनवाल्ड यांनीं तो कायदा मोडून काढला नाहीं. त्या चौकटींत जें करतां येईल तें केलें. परंतु न्याय मिळेपर्यंत वाट पाहावी, तर तोंपर्यंत मुलांची एक पिढी निरक्षर राहिली असती. मुलाचें वय कोणासाठीं थांबत नाहीं. त्या आईबापांनीं आपल्यावरचा अन्याय ओळखूनच दुहेरी किंमत मोजली. म्हणून या कार्याचें अधिक श्रेय दात्यापेक्षां त्यांनाच दिलें पाहिजे.

रोझेनवाल्ड यांचा स्वभाव साधा व निगर्वी होता. शाळांना आपलें नांव द्यावें अशी अट त्यांनीं कधीं घातली नाहीं. लोकांनींच प्रेमानें तें दिलें. म्युनिक येथील यंत्रांचें संग्रहालय आपल्या लहान मुलाला फार आवडलें, हें पाहून तसेंच संग्रहालय शिकागोंत व्हावें म्हणून त्यांनीं लाखों डॉलर दिले. परंतु त्याला दिलेलें आपलें नांव त्यांनीं आग्रहानें काढावयास लाविलें. १९२१ सालच्या मंदींत पेढी अडचणींत आली, तेव्हां स्वतःची मोठी संपत्ति तारण ठेवून त्यांनीं ती सांवरली.

दानाविषयींचें त्यांचें एक मत त्या काळीं फार नवें होतें. धनिकांनीं कायमचे निधि ठेवून मेल्यानंतरहि जगावर सत्ता चालवूं नये. प्रत्येक पिढीच्या गरजा निराळ्या असतात व त्या भागविणारे दातेहि त्या त्या पिढींत निर्माण होतात, असें ते म्हणत. म्हणून आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आंत निधीचें मुद्दल व व्याज दोन्ही खर्च झालींच पाहिजेत, असा निर्बंध त्यांनीं घालून ठेविला. ६ जानेवारी १९३२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या निधीनें लेखक, गायक, शास्त्रज्ञ अशा होतकरू व्यक्तींना शिष्यवृत्त्याहि दिल्या. विख्यात गायिका मेरियन अँडरसन व पुढें नोबेल शांतिपारितोषिक मिळविणारे राल्फ बंच हे त्यांपैकींच होत. १९४८ सालीं शेवटची रक्कम खर्चून निधीनें आपलीं दारें बंद केलीं.

१९५४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, आणि हळूहळू या शाळांची आवश्यकता संपली. कित्येक इमारती पडल्या. कांहीं गांवकऱ्यांनीं जतन करून ठेविल्या. नागरी हक्कांच्या लढ्याचे पुढारी जॉन लुइस आणि कवयित्री माया अँजेलो यांनीं बाळपणीं अशाच शाळांतून धडे घेतले होते. ज्या शाळा अन्यायाच्या चौकटींत बांधल्या गेल्या, त्यांतून शिकून बाहेर पडलेल्या मुलांपैकीं कित्येकांनीं पुढें ती चौकटच मोडण्यास हात लाविला, हें काळाचें उत्तर होय.

विद्यार्थिमित्रहो, कोट्यधीश होणें हें प्रत्येकाच्या नशिबीं नसतें. परंतु एक एकर कापूस राखून ठेवणें, गाडीभर लांकूड वाहून आणणें, मळकी पिशवी रिती करणें, हें ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणें प्रत्येकाला साधण्यासारखें आहे. आपण ज्या बांकावर बसतों, त्याची किंमत कोणीतरी भरलेली असते. ती कोणी व कशी भरली, याची जाणीव ठेवून पुढच्या मुलासाठीं आपला वांटा उचलणें, हेंच रोझेनवाल्ड यांच्या व त्या अनाम गांवकऱ्यांच्या चरित्राचें सार आहे.