काचेचे सांगाडे आणि एहरेनबर्गचा बॅकअप

फोनच्या मॅक्रो मोडमध्ये मुंगीचे पाय दिसतात, पण रेडिओलेरिया नीट दिसायला मायक्रोस्कोपच लागतो. समुद्रात तरंगणारा हा एकपेशीय जीव बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. त्याचा सांगाडा सिलिकाचा, म्हणजे जवळपास काचेचाच. जीव मेला की सांगाडा तळाच्या गाळात जातो आणि कोट्यवधी वर्षं टिकू शकतो. कुठल्या थरात कुठली प्रजाती सापडते, यावरून त्या थराचं वय काढतात. पण त्याआधी कुणीतरी प्रजाती ओळखून तिचं चित्र, वर्णन आणि नाव नोंदवायला हवं ना?

ते काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं ख्रिस्तियान गॉटफ्रीड एहरेनबर्ग यांनी. जन्म 1795, जर्मनीतलं डेलिच. शिक्षण डॉक्टरकीचं. 1820 मध्ये ते मित्र हेम्प्रिखसोबत इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या मोहिमेवर गेले. 1825 मध्ये हेम्प्रिख मसावा बंदरात वारले आणि एहरेनबर्ग त्यांच्याशिवाय परतले.

पुढे बर्लिनमध्ये मायक्रोस्कोप हेच त्यांचं जग झालं. शोम्बुर्ग नावाच्या प्रवाशाने त्यांना कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरचा दगड पाठवला. हा दगड म्हणजे मुळात खोल समुद्राचा तळ, नंतर वर उचलला गेलेला. त्यात सांगाडेच सांगाडे! 1847 पर्यंत त्यांनी त्यातल्या शेकडो प्रजातींना नावं दिली. 1850च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या मॉरींनी अटलांटिकच्या तळाचा गाळही त्यांच्याकडे पाठवला.

आता गोची अशी, की त्यांची मूळ थिअरीच चुकीची होती. एकपेशीय जीवांनाही पोटासकट सगळे अवयव असतात, असं ते मानायचे. रंग खाऊ घातल्यावर आत जे ठिपके दिसायचे, ती त्यांना पोटं वाटायची. फ्रान्सच्या दुजार्दँने 1835 पासून विरोध केला, तरी हे शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. मला हा हट्ट खटकतो.

पण त्यांनी रॉ डेटा डिलीट केला नाही. अभ्रकाच्या पातळ चकत्यांवर चिकटवलेले सुमारे 40,000 नमुने, 3,000 चित्रं, वर मूळ माती आणि दगडांचे तुकडे. 1876 मध्ये ते गेले. हा संग्रह आज बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. या शतकात जर्मन आणि जपानी संशोधकांनी तो पुन्हा उघडला, चकतीवरचा नेमका सांगाडा शोधून फोटो काढले आणि त्यांच्या चित्रांशी ताडून पाहिले.