स्टेटसवरच्या ओव्यांमागचे फादर स्टीफन्स

२७ फेब्रुवारी आला की मराठीची थोरवी गाणाऱ्या काही ओव्या तुमच्याही ग्रुपवर येतात ना? आपलं नाशिक तर कुसुमाग्रजांचं गाव, त्यामुळे जरा जास्तच येतात. खाली नाव असतं फादर स्टीफन्स. एका इंग्रज माणसाचं मराठीवर केवढं प्रेम, असं म्हणत मीही त्या स्टेटसला ठेवायचे. पण त्या ओव्या एका भल्यामोठ्या ग्रंथाच्या सुरुवातीच्या आहेत आणि तो ग्रंथ काही मराठीचं कौतुक करायला लिहिलेला नाही, हे मला परवा-परवा कळलं.

त्याच फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते. गेला असाल तर तिथली मिस्सा पाहिली असेल. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं, त्याची आठवण म्हणून वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो. कॅथलिक श्रद्धेनुसार ती नुसती आठवण नाही. त्या भाकरीत ख्रिस्त खरोखर हजर असतो. म्हणून घरातलं मूल पहिल्यांदा कम्युनियन घेतं तो दिवस लग्नाइतका थाटात साजरा होतो. हे सगळं लहान पोरांना, त्यांच्या आईबापांना त्यांच्या भाषेत कसं समजवायचं? ४०० वर्षांपूर्वी स्टीफन्सनी हेच काम अंगावर घेतलं होतं.

थॉमस स्टीफन्स १५४९ मध्ये इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात जन्मला. तो दहा वर्षांचा असेल, तेव्हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कायदा झाला आणि कॅथलिक मिस्सा बंद पडली. पुढे तर मिस्सेला हजर राहिलं म्हणून दंड आणि कैद, इथपर्यंत गोष्ट गेली. लोक घराची दारं लावून चोरून मिस्सा करायचे. थॉमसचा जवळचा मित्र पकडला गेला आणि तुरुंगात पडला. दोघांचा रोमला जायचा बेत होता. मग थॉमस एकटाच निघाला. १५७५ मध्ये तो तिथे जेझुइट संघात दाखल झाला, आणि एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसला. साडेसहा महिन्यांनी, २४ ऑक्टोबरला, तो गोव्याला उतरला. इंग्लंडला परत कधीच गेला नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही थॉमसच्या बाजूने झाला असाल. मीही झाले होते. पण गोव्यात चित्र उलटं होतं. इथे राज्य पोर्तुगीजांचं, आणि बंदी होती ती हिंदूंच्या पूजेवर. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, जिथे स्टीफन्सनी आयुष्य काढलं, तिथली देवळं पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि मारलं. आपल्या देशात चोरून प्रार्थना करावी लागलेला माणूस इकडे सत्ताधाऱ्यांच्या बाजूला उभा होता. हे बाजूला ठेवून त्यांच्यावर कौतुकाचा लेख लिहिणं मला जमलं नाही.

अशा वेळी जे ख्रिस्ती झाले, त्यांचं घरात काय होत असेल, विचार करा. आपल्याकडे तेव्हा जात टिकायची ती कुणाच्या पंगतीला बसता त्यावरही. रोटीव्यवहार तुटला की माणूस तुटला. आणि या नव्या धर्माचा गाभाच मुळी एक पंगत! त्यातून मिस्सा लॅटिनमध्ये. वेदीवर पाद्री काय पुटपुटतोय ते साष्टीतल्या पोराला कळायचं नाही आणि त्याच्या आजीलाही नाही. (लॅटिन जाऊन लोकांच्या भाषा आल्या त्या १९६० च्या दशकात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या काळात!) पूर्वी पुराणं ऐकणाऱ्या या लोकांची पुराणं सुटली होती. त्या जागी गायला, ऐकायला काहीच नव्हतं.

मिस्सेची भाषा बदलणं स्टीफन्सच्या हातात नव्हतं. पण मिस्सेनंतर काय गायचं, हे होतं. त्यांनी ओवी उचलली. ज्ञानेश्वरांची, एकनाथांची ओवी. एकनाथ तर त्यांचे समकालीनच. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या जन्मापर्यंत ३६ अध्याय, येशूच्या चरित्राचे ५९, सगळ्या मिळून जवळपास ११ हजार ओव्या. स्वर्गाला शब्द वापरला वैकुंठ. १६१६ मध्ये हे ख्रिस्तपुराण छापलं गेलं, रोमन लिपीत. रविवारी आणि सणाला चर्चमध्ये ते गायलं जाऊ लागलं. वेदीवर जे लॅटिनमध्ये घडायचं, त्याच्या मागची शेवटच्या भोजनाची गोष्ट लोकांनी अशी आपल्या चालीत ऐकली.

मुलांसाठी त्यांनी वेगळं पुस्तक केलं, कोकणीत. मार्कोस जॉर्ज यांच्या पोर्तुगीज पुस्तकावर बेतलेलं, सवाल-जवाबाच्या रूपातलं. गुरूने विचारायचं, शिष्याने सांगायचं. शाळेत तोंडी परीक्षा असायची ना, तसंच. पण ते छापून आलं १६२२ मध्ये आणि स्टीफन्स १६१९ मध्येच वारले होते. कोकणीचं व्याकरणही त्यांच्या मागेच, १६४० मध्ये छापलं गेलं. भारतातल्या भाषेचं छापलेलं ते पहिलं व्याकरण मानतात.

आणि मग १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला. तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज शिकायची, स्थानिक भाषा सोडायची. ज्या भाषेत स्टीफन्सनी ४० वर्षं घालवली, तिच्यावरच घाव आला. तोवर पुराण तीनदा छापून झालं होतं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज मिळत नाही. ग्रंथ वाचला तो हातांनी उतरवून काढलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून कारवार-मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या सांभाळल्या, घरी बसून गायल्या. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला पुराण पुन्हा छापलं गेलं. आपल्या देवनागरीत ते पुण्याहून यायला १९५६ उजाडलं.