विश्लेषण : एका आदेशाने एफएमचे लाखो संच निकामी का झाले?

एफएमचा शोध कोणाचा?
न्यूयॉर्कमध्ये १८९० साली जन्मलेले एडविन आर्मस्ट्राँग कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकले. वीज कडाडली की एएम रेडिओ खरखरे, कारण त्यात आवाज लहरींच्या उंचीतील बदलांतून जातो. आर्मस्ट्राँग यांनी तो वारंवारितेतील बदलांतून पाठवला. १९३३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले.

नियामकाने काय केले?
अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने एफएमला आधी ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला. १९४५ मध्ये मात्र एफएमला ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर हलवले. दूरच्या लहरींचा व्यत्यय टळेल, हे त्यामागचे कारण आर्मस्ट्राँग यांना अमान्य होते. लोकांच्या घरातले काही लाख संच निरुपयोगी ठरले.

पुढे काय झाले?
आर्मस्ट्राँग यांनी १९४८ मध्ये आरसीए कंपनीवर पेटंटचा दावा लावला. खटल्याने ते खचले आणि १९५४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आरसीएने त्याच वर्षी तडजोड केली. पत्नी मॅरियन यांनी इतर कंपन्यांविरुद्धचा लढा सुरू ठेवला. शेवटचा खटला १९६७ मध्ये त्यांच्या बाजूने संपला.

आज काय संबंध?
भारतातही एफएम याच पट्ट्यात ऐकू येते. डिजिटल रेडिओकडे वळतानाही प्रश्न तोच आहे : घरातल्या जुन्या संचांचे काय?