तेरा वर्षांची नवरी

इजिप्तच्या हुदा शारावीचं लग्नच माझ्या जास्त लक्षात राहिलं. 1879 चा जन्म, घर श्रीमंत, पण वावर जनानखान्यातच. कुराण तोंडपाठ, अरबी व्याकरण मात्र मुलीला कशाला, म्हणून शिकवलंच नाही. तेराव्या वर्षी वयाने कितीतरी मोठ्या नातेवाईकाशी लग्न लागलं. मग सात वर्षं ती वेगळी राहिली, शिकली. 1919 मध्ये तिने इंग्रजांविरुद्ध बायकांचा मोर्चा काढला. 1923 मध्ये रोमच्या महिला परिषदेहून परतल्यावर कैरो स्टेशनवर तिने चेहऱ्यावरचा पडदा काढला. तिच्या संघटनेने मुलींच्या लग्नाचं वय वाढवायची मागणी लावून धरली. कायद्याने ते सोळा झालं. 1947 मध्ये ती गेली. पडद्याची गोष्ट सगळेच सांगतात, पण मला तो सोळाचा आकडाच मोठा वाटतो.