माडगूळकरांचा नागझिरा आणि आपला वर्ग

शिक्षकाच्या प्रशिक्षणात पाठाचे टाचण कसे काढावे, फळा कसा वापरावा, प्रश्न कसे विचारावेत हे सगळे शिकवले जाते. आपण वर्गात पाऊल टाकले की त्या वर्गाचे काय होते, हे मात्र फारसे कोणी शिकवत नाही. मास्तर आत आले की गलका थांबतो, पाठी ताठ होतात, नजरा खाली जातात. मास्तरांना वाटते, वर्ग असाच शांत आहे. खरे तर ती शांतता त्यांनीच बरोबर आणलेली असते. या गोष्टीचा विचार करताना मला कोणत्याही शिक्षणतज्ज्ञापेक्षा आधी आठवतात ते व्यंकटेश माडगूळकर. त्यांनी अध्यापनशास्त्रावर ग्रंथ लिहिला नाही. पण त्यांची 'बनगरवाडी' आणि 'नागझिरा' ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की शिक्षकाने स्वतःकडे का पाहावे, याचा उलगडा होतो.

माडगूळकरांचा जन्म 1927 सालचा, माणदेशातल्या माडगुळे गावचा. आज सांगली जिल्ह्यात असलेला आटपाडीचा तो मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. पाऊस कमी, जमीन हलकी, माणसे मेंढरांमागे फिरणारी. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर पुढे कवी आणि गीतकार म्हणून घराघरांत पोचले. व्यंकटेशांचे शालेय शिक्षण मात्र पुरे झाले नाही. 1942 च्या चळवळीत ते ओढले गेले आणि शाळा मागे राहिली. चित्रकलेची ओढ होती. तिच्यामुळे हाताइतकाच डोळा तयार झाला. 1949 साली 'माणदेशी माणसं' हे पुस्तक आले आणि मराठी कथेला एक नवाच मुलूख मिळाला. पुढे अनेक वर्षे पुणे आकाशवाणीवर त्यांनी ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमांचे काम केले. शाळा अर्धी टाकलेल्या या माणसाला 1983 साली 'सत्तांतर'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही.

'बनगरवाडी' 1955 साली पुस्तकरूपाने आली. धनगरांच्या लहानशा वाडीवर नेमणूक झालेल्या कोवळ्या वयाच्या मास्तरची ही गोष्ट. मास्तर वाडीवर पोचतो तेव्हा शाळा नावालाच आहे. पोरे मेंढरांमागे रानात आहेत आणि शिकून काय करायचे हा वाडीचा प्रश्न आहे. तिथला म्हातारा कारभारी मनावर घेतो, तेव्हा कुठे पोरे जमतात. हळूहळू लोक मास्तरकडे पत्रे लिहून घ्यायला, भांडणे सोडवायला, मनातले बोलायला येऊ लागतात. मास्तर पुढाकार घेऊन तालीम बांधवतो. मधे एका गैरसमजातून कारभाऱ्याचे मन त्याच्याविषयी कलुषित होते, तो काळही त्याला सोसावा लागतो. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी उठते आणि शाळा पुन्हा ओस पडते.

या कादंबरीवर 1995 साली अमोल पालेकरांनी चित्रपटही केला. माणदेशाचे चित्रण म्हणून तिची वाखाणणी झाली, ती रास्तच आहे. मला मात्र ती एका शिक्षकाच्या जागे होण्याची गोष्ट वाटते. हा मास्तर वाडीला सुधारायला निघालेला पुढारी नाही. आपण परके आहोत, लहान आहोत, आपल्या एकेका हालचालीकडे वाडीचे लक्ष आहे, याचे त्याला सतत भान असते. ते भान असल्यामुळेच वाडी त्याला आपला म्हणते.

माणसांकडे असे पाहणारा हा लेखक उमेदीच्या काळात रानात जायचा तो बंदूक घेऊन. शिकारीचा त्यांना मनापासून नाद होता. पुढे बंदूक सुटली आणि हातात वही आली. शिकारी आणि निरीक्षक एकाच पायवाटेने जातात, एकाच झाडाआड थांबतात, पण एकाला जनावर हवे असते आणि दुसऱ्याला त्याचे जगणे समजून घ्यायचे असते. वर्गातही असे दोन मास्तर असतात. एक चूक शोधत फिरतो, दुसरा चूक का झाली ते शोधतो. आपण यांतले कोण, हे ज्याचे त्यालाच तपासावे लागते.

'नागझिरा' हे त्यांचे पुस्तक 1979 सालचे. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर साकोली लागते, तिथून हे जंगल जवळ. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नागझिरा त्यात गेला. 1970 साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेले हे रान 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. ऐन, धावडा, साग, मोह आणि बांबू यांचे हे रान, मध्ये तलाव, आणि रानगवे, सांबर, चितळ, अस्वल, रानकुत्रे, बिबट्या, वाघ अशी वस्ती. माडगूळकर तिथे मुक्काम करून राहिले, पायी हिंडले, बसून राहिले, पाहिलेले लिहून ठेवले.

रानात बसणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो स्वतःविषयीचा. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर आपण दिसण्याआधी आपला वास पोचतो. भडक कपडा, वाळल्या पानावर पडलेले पाऊल, अवेळी आलेला खोकला, एवढ्यानेही पाणवठा रिकामा होतो. झाडावरचे वानर आपल्याला पाहून खाकरले की सगळे रान सावध होते. मग दिसते ते रानाचे रोजचे जगणे नसते, आपल्याला घाबरलेले रान असते. हे ज्याला कळत नाही तो या जंगलात काहीच नाही, असे म्हणून परततो.

याच नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांतल्या शाळा डोळ्यांसमोर आणा. हा झाडीपट्टीचा मुलूख. कोणा पोराच्या घरी झाडीबोली, कोणाच्या घरी गोंडी. बाहेरून बदली होऊन आलेले गुरुजी पुस्तकी मराठीत प्रश्न विचारतात. पोर गप्प राहते. गुरुजी मनात नोंद करतात, की याला काही येत नाही. तेच पोर बाहेर मोह वेचताना, ढोरांमागे फिरताना झाडापाखरांची नावे धडाधड सांगत असते. गप्प बसले ते आपल्या भाषेला आणि आपल्या आवाजाला, ही शक्यता मास्तरच्या मनात आली नाही, तर त्या पोरावर 'मठ्ठ' हा शिक्का बसतो. पुढे वर्षानुवर्षे तो पुसला जात नाही आणि कित्येकदा शाळाच सुटते. शिक्षकाला स्वतःचे भान नसेल तर त्याची किंमत अशी मुलांना मोजावी लागते.

'सत्तांतर'मध्ये माडगूळकरांनी वानरांच्या टोळीतले सत्तेचे राजकारण रंगवले आहे. टोळीचा नायक बळावर राज्य करतो आणि बळ सरले की दुसरा त्याची जागा घेतो. धाकावर चालणारा वर्गही असाच असतो. मास्तर वळले की गोंधळ, आणि मॉनिटरच्या हाती खडू आला की तोही मास्तरांचाच आवाज काढतो. एखाद्या वर्गाचा मॉनिटर मुलांशी कसा बोलतो ते ऐकले, तर त्या वर्गाचे शिक्षक कसे बोलतात ते न बघताही सांगता येते.

शिक्षकांवर कामाचे किती ओझे असते हे मी जाणून आहे. जनगणना आणि निवडणुकीपासून पोषण आहाराच्या नोंदींपर्यंत सारे त्यांच्याच माथी. पण स्वतःकडे पाहायला वेगळा तास लागत नाही. आठवडाभरात कोणाकोणाला उभे केले, त्यांची नावे लिहून पाहावीत. तीच सात-आठ नावे पुन्हा पुन्हा येतात, बाकीचा वर्ग आपल्याला दिसलेलाच नसतो. आज ज्या मुलावर आपण भडकलो, तो राग त्याचा होता की घरून आणलेला, हे संध्याकाळी स्वतःला विचारावे. सहकारी शिकवत असताना एखादा तास शेवटच्या बाकावर बसून काढावा. तिथून फळा केवढा दिसतो आणि मास्तर किती लांब वाटतात, ते कळते. हेच आईवडिलांनाही लागू आहे, कारण संध्याकाळी अभ्यासाला बसवणाऱ्या घरात तेच मास्तर असतात.

अर्थात रान आणि वर्ग यांत एक फरक आहे. जनावरे आपल्याला विसरली की निरीक्षकाचे काम साधते. शिक्षकाला असे अदृश्य होऊन चालत नाही. मुलांनी त्याची भीती विसरावी, पण त्याला विसरू नये. बनगरवाडीच्या मास्तरला हे साधले होते.

माडगूळकर 2001 साली गेले. उद्या सोमवार आहे. शाळेची घंटा होईल, गुरुजी आणि बाई वर्गाकडे निघतील. दाराशी पोचल्यावर त्यांनी क्षणभर थांबून आतला गलका ऐकावा. आपण आत गेलो की त्यातले काय बंद होते, एवढे त्यांच्या ध्यानात आले तरी पुष्कळ आहे.