तांबे वाचले, जहाजे रखडली

शालेय रसायनशास्त्राच्या पुस्तकात धातूंची एक उतरंड दिलेली असते. वर पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम. मध्ये जस्त आणि लोखंड. तळाशी तांबे, चांदी, सोने. परीक्षेपुरती ती पाठ होते. परंतु तांबे आणि लोखंड माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक असताना, राखेत आणि मातीत सर्वत्र असलेले पोटॅशियम १८०७ सालापर्यंत कोणाच्याच दृष्टीस का पडले नाही, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. त्याचे उत्तर हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाच्या चरित्रात सापडते.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरील पेन्झन्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. १७९४ साली ते वारले तेव्हा डोक्यावर कर्ज होते, आणि पुढच्याच वर्षी हा थोरला मुलगा एका शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारीस लागला. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधी चढलाच नाही. रसायनशास्त्र त्याने पुस्तके वाचून आत्मसात केले. १७९८ साली ब्रिस्टलच्या एका संस्थेत वायूंचे औषधी गुण तपासण्याचे काम त्याला मिळाले, आणि १८०१ साली तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. त्याच्या व्याख्यानांना तेथे प्रतिष्ठितांची गर्दी लोटू लागली.

व्होल्टाची विद्युतघटमाला १८०० साली जगापुढे आली होती. त्याच वर्षी निकल्सन आणि कार्लाइल यांनी तिच्या साहाय्याने पाण्याचे विघटन केले. यातून पुढचा निष्कर्ष काढला तो डेव्हीने. मूलद्रव्यांना संयुगात बांधून ठेवणारे बळ जर विद्युतस्वरूपाचे असेल, तर जी गाठ भट्टीला सुटत नाही ती विजेला सुटली पाहिजे. तांब्याचा किंवा लोखंडाचा ऑक्सिजनशी असलेला बंध कोळशाच्या भट्टीत तुटतो. म्हणूनच ते धातू प्राचीनांच्या हाती लागले. पोटॅशमधील बंध त्याहून कितीतरी घट्ट. पोटॅशच्या द्रावणातून वीज सोडली तर विघटन होते ते पाण्याचेच. म्हणून डेव्हीने जेमतेम ओलसर केलेला घन पोटॅश घेतला. ऑक्टोबर १८०७ मध्ये विजेने तो वितळू लागला आणि ऋणाग्रापाशी पाऱ्यासारखे चमकणारे बारीक गोळे दिसू लागले. त्यांतील काही तर तेथेच पेटले. पाण्यावर टाकताच हा धातू जळत धावू लागे. काही दिवसांतच सोडियम मिळाले. १८०८ मध्ये कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम यांची भर पडली. युद्ध चालू असतानाही नेपोलियनने ठेवलेले पारितोषिक फ्रेंच विद्वानांनी शत्रुराष्ट्राच्या या शास्त्रज्ञाला दिले.

आम्लांविषयीची समजूतही त्याने पालटली. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे, असे लव्हाझिएचे मत होते. ऑक्सिजन या नावाचा अर्थच मुळी आम्लजनक. १८१० साली डेव्हीने दाखवून दिले की, क्लोरीन हे मूलद्रव्य आहे आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा लवलेशही नाही. या आम्लात जस्त टाकले की हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि तांबे टाकले तर काहीच घडत नाही, हा शालेय प्रयोग त्याच उतरंडीची साक्ष देतो.

१८१५ साली त्याने खाणकामगारांसाठी सुरक्षा दीप तयार केला आणि त्याचे पेटंट घेण्याचे नाकारले. त्याचे हे औदार्य निःसंशय थोर होते. मात्र दीप आल्यावर पूर्वी धोक्याचे म्हणून सोडलेले थरही खोदले जाऊ लागले आणि स्फोट काही थांबले नाहीत.

खरी कसोटी पुढेच होती. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांना किड्यांपासून वाचविण्यासाठी तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. समुद्राचे पाणी ते पत्रे खाऊन टाकी आणि खर्च मोठा होई. डेव्हीने १८२४ साली सुचविले की, तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडावा. उतरंडीत वर असलेला धातू स्वतः झिजेल आणि तांबे राखेल. तसेच झाले; तांबे शाबूत राहिले. पण झिजणारे तांबे पाण्यात विष सोडीत होते आणि त्यामुळेच तळ स्वच्छ राहत होता, हे कोणाच्या हिशेबात नव्हते. झीज थांबताच शेवाळ आणि कवचधारी जीव तळाला चिकटू लागले व जहाजे रखडली. पत्र्यांवरची बचत वेगाच्या नुकसानीत बुडाली. आरमाराने १८२५ पासून ते तुकडे काढून टाकले आणि वृत्तपत्रांनी डेव्हीची टवाळी केली. ज्या पोटॅशियमचा त्या काळी कोणालाही उपयोग नव्हता त्यासाठी ज्याला डोक्यावर घेतले, त्यालाच रसायनदृष्ट्या अचूक ठरलेल्या या उपायासाठी हसण्यात आले. चूक होती ती ताळेबंदात, आणि तो मांडण्याची जबाबदारी एकट्या शास्त्रज्ञाची नव्हती.

त्याच १८२४ साली, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष या नात्याने, डेव्हीने आपला एके काळचा साहाय्यक मायकेल फॅरेडे याच्या सदस्यत्वाला विरोध केला. फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. स्वतः पदवीवाचून वर चढलेल्या माणसाला हे शोभले नाही. फॅरेडे निवडून आला, आणि विद्युत अपघटनाचे नियम पुढे त्यानेच संख्येत बांधले. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे डेव्हीचे निधन झाले.

आज पोलादी जहाजांच्या तळाला आणि जमिनीत पुरलेल्या नळांना जस्तासारख्या क्रियाशील धातूचे ठोकळे सर्रास जोडतात. पोलाद गंजू नये म्हणून ते ठोकळे झिजत राहतात. जहाजाच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून जो रंग देतात, त्यात बहुधा तांब्याचेच संयुग मिसळलेले असते, आणि ते पाण्यात हळूहळू विरघळावे अशीच योजना असते.