‘पाठलाग’कार राजाभाऊ परांजपे

श्रावण-भाद्रपदात सिमरोलच्या घाटात धुके उतरले आणि वीज गेली, की आपल्याकडे भुताच्या गोष्टी हमखास निघतात. महूच्या छावणीतले इंग्रजांच्या वेळचे बंगले जवळच, त्यामुळे गोष्टींना जागाही मिळते. मग कोणीतरी ‘मेरा साया’चे नाव काढतो. तो चित्रपट घरातल्या तिन्ही पिढ्यांना ठाऊक आहे. पण तो मूळचा आपल्या मराठीचा, हे किती मुलांना ठाऊक असेल? म्हणून यंदा आम्ही राजा परांजपे यांचे स्मरण करीत आहोत.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेला झाला. संगीताची ओढ लहानपणापासूनची. मूकपटांच्या काळात पडद्यावर चित्रे हलत आणि खाली बसून कोणीतरी वाद्य वाजवी. तरुण राजाभाऊंनीही ते काम केले. मुक्या चित्रात नुसत्या सुराने हसू किंवा धडकी कशी भरते, याचे शिक्षण त्यांना तिथेच मिळाले असावे, असे आम्हाला वाटते. पुढे नाटकात आणि चित्रपटात भूमिका, भालजी पेंढारकरांच्या हाताखाली उमेदवारी, आणि १९४८ च्या सुमारास स्वतंत्र दिग्दर्शन, असा त्यांचा प्रवास झाला.

ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके आणि राजाभाऊ हे त्रिकूट जमले आणि मराठी चित्रपटाला बहर आला. १९५२ मध्ये ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ यांनी महाराष्ट्राला पोटभर हसवले. ‘ऊन पाऊस’मध्ये मुलांनी वाटून घेतलेल्या म्हाताऱ्या आईबापांची कथा सांगून त्यांनी घराघरात डोळे पुसायला लावले. त्यातला वृद्ध मास्तर त्यांनी स्वतःच रंगवला होता. १९६० चा ‘जगाच्या पाठीवर’ आणि १९६३ चा ‘हा माझा मार्ग एकला’ही असेच मनात घर करून राहिले.

असा हसवणारा-रडवणारा माणूस १९६४ मध्ये भीतीकडे वळला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून त्यांनी ‘पाठलाग’ केला. बॅरिस्टरची लाडकी पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत जाते. काही दिवसांनी हुबेहूब तशीच स्त्री समोर उभी राहते आणि आपणच ती, असे सांगते. शेवट इथे सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिका, गदिमांची गीते, दत्ता डावजेकरांचे संगीत. गेलेल्या पत्नीची नजर पतीचा पिच्छा सोडत नाही, असा भाव असलेले आशा भोसले यांचे गाणे त्या ओसाड झालेल्या घरात घुमते, तेव्हा अंगावर काटा येतो.

याच्या एकच वर्ष आधी इंग्लंडमध्ये ‘द हाँटिंग’ हा पछाडलेल्या वाड्याचा चित्रपट तयार झाला होता. तोही कृष्णधवल, आणि त्यातही भूत शेवटपर्यंत दिसत नाही. तिथे दारावर थापा पडतात आणि भिंतीआडून आवाज येतात. आपल्या राजाभाऊंनी तेच काम एका भावगीताकडून करून घेतले. पाहणाऱ्याला भीती वाटते, पण त्याहून जास्त कणव येते. भूत खरे की खोटे यापेक्षा, आपले माणूस आपण ओळखले का, हा प्रश्न मनाला टोचत राहतो. ‘ऊन पाऊस’ करणाऱ्या दिग्दर्शकालाच हे सुचावे.

‘पाठलाग’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तमिळमध्ये त्यावरून ‘इदय कमलम’ निघाला, आणि १९६६ मध्ये राज खोसला यांनी सुनील दत्त व साधना यांना घेऊन ‘मेरा साया’ केला. तो देशभर गाजला आणि मूळ चित्रपट त्याच्या सावलीत गेला.

राजाभाऊ ९ फेब्रुवारी १९७९ रोजी गेले. राजदत्तांसारखे शिष्य त्यांनी मागे ठेवले.

आपण पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलो. हिंदी आपलीच झाली, त्यात वावगे काही नाही. पण पुढच्या वेळी घरात ‘मेरा साया’ लागला, की मुलांना शेजारी बसवून ‘पाठलाग’चे आणि मिरजेच्या राजाभाऊंचे नाव जरूर सांगावे. हरवलेले आपले माणूस ओळखायला तेवढेही पुरते.

गणपतीबाप्पा मोरया!